‘कासारी’साठी मालक शोधताना: कोल्हापुरातले सहा दिवस

पहिला दिवस

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापूर स्थानकात उतरलो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे, एक विजेरी, एक टोच्या आणि पंचवीस मीटरचा टेप एवढेच सामान होते. मामांना जाऊन दहा महिने झाले होते. दिवाळीत मामींचा फोन आला होता: “शेताचं, घराचं सगळं वाटप झालं. ती नाव तेवढी राहिलीया. पोरं म्हणत्यात, फोडून बंबात घालूया. तू येऊन काय ते बघ.” ‘कासारी’, मामांची अठरा फुटांची सागवानी नाव, आंघोळीच्या पाण्यासाठी जाळली जाणार, ही कल्पना मला सहन झाली नाही, म्हणून मी रजा काढली. दोन दिवसांत काम उरकेल असे तेव्हा वाटले होते.

मामी आता सोनतळीला राहतात. प्रयाग चिखलीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर या माळावर जागा मिळाल्या. पण शेती, गोठे आणि मन नदीकाठीच राहिल्यामुळे पुष्कळ कुटुंबांचा एक पाय वर आणि एक पाय खाली असतो. नावही खालीच, जुन्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या छपराखाली होती. चहा घेऊन आम्ही दोघे लगेच उतरलो. ऊसतोड नुकतीच सुरू झाली होती आणि वाटेवर पाचटाचा वास होता.

चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, पाचवी गुप्त सरस्वती धरायची, आणि तेथून पुढे त्या प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. आजोबांची काही शेती पलीकडच्या काठावर होती. चाऱ्याचे भारे आणि माणसे ने-आण करण्यासाठी त्यांनी 1954 मध्ये देवगडकडची एक नाव विकत घेतली आणि फोंडा घाटातून ट्रकवर चढवून आणली. नदीची नाव सपाट बुडाची असते, कारण उन्हाळ्यात तिला गुडघाभर पाण्यातून जायचे असते. आजोबांनी आणलेली नाव मात्र समुद्राची होती. तिच्या बुडाखाली सबंध लांबीचा पठाण, म्हणजे कण्यासारखी जाड तुळई, होता. त्यामुळे दर उन्हाळ्यात ती वाळूत रुतून बसे आणि गाव हसे. त्यावर घरातच उपाय सापडला. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबते आणि नदीची खोली वाढते. तेवढेच महिने ‘कासारी’ चालवायची. बरगे काढले की ती काठावर. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोरलेले तिचे नाव रंगाच्या थरांखाली अजून बोटाला लागते.

त्या दिवशी मी चार तास तिच्या अंगाखाली घालवले. विकायला निघालेल्या वस्तूची पाहणी आपणच कठोरपणे केली नाही, तर पुढे गिऱ्हाईक करते आणि मग आपल्याला शरमावे लागते. फळ्या चांगल्या सागवानाच्या होत्या; बोटाने ठोकल्यावर बहुतेक ठिकाणी ठणठणीत आवाज आला. आतल्या बरगड्यांचे, ज्यांना किनाऱ्यावर वाक म्हणतात, तसे नव्हते. बावीसपैकी सात ठिकाणी टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला. कारण उघड होते. मूळ बांधणी तांब्याच्या खिळ्यांची होती आणि ते खिळे अजून शाबूत होते. मामांनी नंतर जिथे जिथे लोखंडी खिळे मारले, तिथे गंज उतरून भोवतालचे लाकूड काळे आणि मऊ झाले होते. 2005 च्या पुरानंतर कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी तळाला बाहेरून फायबरचा थर चढवला होता आणि आत, पाणी साठते त्या खोलगट भागात, सिमेंट ओतले होते. दोन्ही उपाय गळती थांबवण्यासाठी होते आणि दोन्हींनी लाकडातली ओल आतच कोंडून ठेवली.

फळ्यांच्या सांध्यांत मात्र दोन रुपयांचे नाणे सहज जाईल अशा फटी होत्या, आणि त्यांची मला मुळीच चिंता वाटली नाही. 2021 च्या पुरात ती छपराच्या खांबाला बांधलेली असताना भिजली, त्यानंतर पाण्याला लागलीच नाही. लाकूड वाळले की आकसते. पाण्यात ठेवले की फुगते आणि सांधे मिटतात. कोरडी नाव पहिल्या दिवशी गळते म्हणून तिला नावे ठेवणारा माणूस नावेचा गिऱ्हाईक नव्हे, हे मनाशी ठरवूनच मी वर आलो.

दुसरा दिवस

या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो आठवून अजूनही राग येतो.

सकाळी लाकूड बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मोबाइलवरची छायाचित्रे पाहिली, लांबी, रुंदी आणि फळीची जाडी विचारली आणि कागदावर घनफुटांचा हिशोब मांडून, वक्र फळ्यांतून सरळ तुकडे निघताना किती वाया जाईल तेही वजा करून, वीस हजार सांगितले. त्याचा मला राग आला नाही. तो लाकडाचा व्यापारी होता आणि त्याने नावेत लाकूड पाहिले. राग आला तो महामार्गावरच्या एका हॉटेलच्या मालकाचा. त्यांनी पंचेचाळीस हजार देऊ केले, जेवू घातले, तांबडा-पांढरा रस्सा स्वतः वाढला, आणि मग नाव मधोमध कापून तिची दोन टोके दाराशी उभी करायची, आत काचेच्या फळ्या बसवून दिवे सोडायचे, असा बेत उत्साहाने समजावून सांगितला. “फोटो काढायला गर्दी हुईल बघा,” ते म्हणाले. मी विचार करून कळवतो म्हणालो. पंचेचाळीस हजारांचा आकडा मामींना सांगावा की नाही, याचा विचार परतीच्या वडापमध्ये, म्हणजे माणसे भरून निघणाऱ्या खासगी गाडीत, करत होतो, शेवटी सांगितला. त्या गवार मोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “कापायचीच तर बंब काय वाईट?”

तिसरा दिवस

नावेची पारख नाव चालवणाऱ्याकडून करून घ्यावी म्हणून नृसिंहवाडी गाठली. कोल्हापुरापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर पंचगंगा तेथे कृष्णेला मिळते. दत्ताचे दर्शन घेऊन घाटावर उतरलो, तर पायऱ्यांवर पुराच्या गाळाच्या रेषा अजून दिसत होत्या. पावसाळ्यात नदी मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा आणि त्यात स्नान करण्यासाठी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना येथल्या नावाड्यांचा पाण्याशी काय संबंध आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

सत्तरीच्या पुढचे एक नावाडी पायरीवर बसून दोर गुंफत होते. मी छायाचित्रे दाखवली. त्यांनी एकच छायाचित्र मोठे करायला सांगितले, ते बुडाचे, आणि पठाण पाहून हसले. “समिंदराची हाय की ही. वाडीत ही काय करायची? माणसं काठाला उतरवायची म्हंजे नाव काठाला भिडाय पायजे. ही तिकडंच अडून बसंल.” आमच्या गावाने सत्तर वर्षांपूर्वी काढलेला निष्कर्ष त्यांनी एका दृष्टिक्षेपात काढला होता.

घ्यायची नव्हती तरी त्यांनी मला तासभर दिला. नाव कशावर ठेवली आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दोन टोकांना विटांचे चबुतरे आहेत, असे मी सांगताच त्यांनी दोर खाली ठेवला. नाव टोकांवर टेकवली की मधला भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो. नुसती मध्ये टेकवली की टोके झुकतात. एकदा वाकलेली पाठ पुन्हा सरळ करणे सगळ्यात अवघड. तिला चार-पाच ठिकाणी सारखा आधार पाहिजे, आणि तो मालक मिळाल्यावर नव्हे, आज रात्री. शिवाय फटी भरायची घाई करू नका, असेही त्यांनी बजावले. वाळलेल्या सांध्यात कापूस गच्च ठासला आणि मग फळ्या फुगल्या, तर फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही आणि ते खिळे उपटते किंवा वाक मोडते. आधी ओली पोती घालून आठ-पंधरा दिवस लाकडाला पाणी पाजायचे, मग काय उरते ते भरायचे.

त्यांना काही देऊ केले तर घेतले नाही. कवठाची बर्फी मामींसाठी घेतली आणि अंधार पडायच्या आत चिखली गाठली. शेजारच्या दोन पोरांना बोलावून, ट्रॅक्टरचा जॅक लावून आम्ही पठाणाखाली तीन नवे आधार दिले. दोरी ताणून पाहिली. मधली झोक बोटभर होती. म्हणजे मी पहिल्या दिवशी चार तास पाहिले आणि सर्वांत मोठा दोष माझ्या डोळ्यांना दिसलाच नाही.

चौथा दिवस

जिथून ती आली तिथेच तिला पाठवता येईल का, हा विचार सुरुवातीपासून मनात होता. पहाटे मामेभावाच्या जीपने निघालो. गगनबावड्यापर्यंतचे पंचावन्न किलोमीटर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या मागे काढावे लागले. पुढे करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि मग विजयदुर्गचा रस्ता. घाटात मामेभाऊ गाडी चालवत होता आणि मी प्रत्येक वळणावर अठरा फुटांची नाव घेतलेला टेम्पो मनातल्या मनात वळवून पाहत होतो. आजोबांनी हे उद्योग फोंडा घाटातून 1954 च्या रस्त्यांवर केले होते.

गिर्ये गावापाशी वाघोटण खाडीच्या काठी मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आहेत. भरतीचे पाणी आत घेऊन त्याबरोबर जहाज आणायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की तळाची दुरुस्ती करायची, ही योजना त्या जागी उभे राहिले की न सांगता समजते. पण आम्हाला जहाजे बांधून काढलेल्या लोकांच्या वारसापेक्षा आज हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, धरणारा माणूस हवा होता. विचारत विचारत खाडीकाठच्या एका वाडीत एक मिस्त्री सापडले. त्यांच्यासमोर अर्धी बांधलेली मासेमारीची बोट होती, आणि तिच्यावर फायबर चढणार होते. लाकडी बोटी आता किती बांधता, असे विचारल्यावर त्यांनी हाताचा पंजा उघडला आणि त्यातली तीन बोटे मिटली. ही वर्षाची संख्या की आयुष्यात उरलेली, ते मी विचारले नाही.

मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो आणि तो आतून पोखरतो, म्हणून तळाला तेल-चुना लावत राहावे लागते. पण मीठ लाकडाला कुजू देत नाही. गोड्या पाण्यात तो किडा नसतो, कुजणे मात्र असते, आणि ते नदीच्या पाण्यापेक्षा वरून पडणाऱ्या पावसाच्या पाण्याने होते, जे कोपऱ्यात साठून राहते. “तुमची होडी खालून नाय कुजली, वरून कुजली,” ते म्हणाले, आणि माझ्या वहीतल्या सात वाकांच्या जागा पाहिल्या तर त्यातले पाच खरोखरच छपराच्या गळक्या पत्र्याखालचे होते.

काम ते करायला तयार होते. लाकूड, मजुरी आणि तांब्याचे खिळे धरून पावणेदोन लाख, शिवाय नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा. नाव स्वतः घेऊन चालवाल का, असे विचारले तेव्हा त्यांनी अंगणात उपड्या घातलेल्या स्वतःच्या दोन होड्यांकडे मान वळवली. निघताना त्यांनी जुना तांब्याचा एक खिळा हातावर ठेवला, तो ज्या गोल चकतीवर ठोकून बसवतात त्या चकतीसकट, आणि म्हणाले, “कोल्हापुरात असलो मिळता काय बघा. थंयसर लोखंडाचा गाव असा.”

पाचवा दिवस

सकाळी दोन ठिकाणी जाऊन आलो. रंकाळ्यावर नौकाविहाराशी संबंध असलेल्या एका गृहस्थांनी नावेची नोंदणी आहे का, असे विचारले. आमच्याकडे आजोबांच्या वहीतल्या ‘नाव, देवगड’ या नोंदीपलीकडे कागद नव्हता. शिवाय त्यांना वजनाला हलकी, रोज धुऊन वापरता येणारी नाव हवी होती, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. नंतर एका शिक्षणसंस्थेत गेलो. पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्यात वस्तू शंभर वर्षांची असावी लागते, तेव्हा आपली नाव त्यात बसत नाही, हे मीच त्यांना आधी सांगितले. त्यांना वयाची अडचण नव्हती. ते ती प्रवेशद्वाराशी, बागेत, उघड्यावर मांडून आत फुलझाडे लावणार होते. मिस्त्रींचे शब्द ताजे होते. मी नमस्कार करून उठलो.

दुपारी खिळा खिशात घालून शिवाजी उद्यमनगरात फिरलो. खिळे कोणी करून देईल का, एवढीच चौकशी होती; मालकाची आशा मी जवळजवळ सोडली होती. तिसऱ्या दुकानात खिळा हाताळून पाहत दुकानदार म्हणाले, “हे आमचं काम न्हवं. मागच्या बोळात पॅटर्नवाले काका हैत, त्यास्नी दाखवा.”

कोल्हापुरात ओतकाम चालते तोवर पॅटर्नवाले काय करतात हे सांगावे लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. लोखंडाचा भाग ओतायचा तर वाळूत त्याच्या आकाराचा साचा उमटवावा लागतो, आणि तो उमटवण्यासाठी आधी त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ओतलेले लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून प्रतिकृती तेवढी मोठी करायची. पंपाची शंखासारखी घरे, चाकांचे आरे, वळणदार नळ्या, हे सगळे सागवानात, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे न होऊ देता. काकांनी हे चाळीस वर्षे केले. आता यंत्रावर रेझिनचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न निघतात. काकांच्या शेडमध्ये भिंतभर पटाश्या आणि रंधे होते आणि काम फार नव्हते.

त्यांनी खिळा पाहिला, मग छायाचित्रे पाहिली, मग चष्मा बदलून पुन्हा पाहिली. सात वाक बदलायचे आहेत, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, “एकदम काढू नका. एक काढायचा, त्याचा पुठ्ठ्यावर आकार घ्यायचा, नवा बसवायचा, मग दुसरा. सगळे काढले तर आकार सुटंल.” नाव त्यांनी आयुष्यात कधी दुरुस्त केली नव्हती. किंमत त्यांनी विचारली नाही. चिखलीला सकाळी किती वाजता येऊ, एवढेच विचारले.

सहावा दिवस

काका आठ वाजता स्कूटरवर आले आणि साडेदहापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दोन फुटी पट्टीने त्यांनी लांबी मोजली आणि सतरा फूट पावणेदहा इंच सांगितली. माझ्या टेपवर ती बरोबर अठरा फूट होती. दोनदा मोजूनही फरक जाईना. मग त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली आणि कपाळाला हात लावला: सवयीने ते ओतकामाची पट्टी घेऊन आले होते, जिच्यावरचा प्रत्येक फूट लोखंडाच्या आकसण्याइतका मोठा आखलेला असतो. मामी पदराआड हसल्या. त्या क्षणी व्यवहार निम्मा झाला होता, असे मला आता वाटते.

मी दोषांची यादी वाचून दाखवली: सात वाक, पाठीची झोक, फायबर, सिमेंट, लोखंडी खिळे, उजवीकडच्या दोन फळ्यांची टोके. त्यांनी स्वतःहून तीन दोष वाढवले. फळ्यांची टोके कापून नवा तुकडा जोडायचा तर सांधा जाडीच्या आठ पट लांब आणि तिरका घ्यावा लागेल, असे ते म्हणाले, तेव्हा हा माणूस रात्रभर कोणाला तरी विचारत बसला होता हे माझ्या लक्षात आले. लाकडाचा प्रश्न नव्हता. मोडीत निघालेल्या मोठ्या पॅटर्नांचे तीस वर्षे मुरलेले सागवान त्यांच्या माळ्यावर पडून होते.

मामींचा प्रश्न एकच होता. “पाण्यात घालणार का नुसती मांडून ठेवणार?”

“साडूचं शेत नदीला लागून हाय. बरगे घातले की घालणार. ह्या साली नाही व्हायचं, वहिनी. पुढच्या साली.”

“पुरात?”

काका थांबले. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी पंचावन्न फुटांवर गेले, जिथे धोक्याची पातळी त्रेचाळीस आहे, तेव्हा ‘कासारी’ दोर तोडून गेली आणि पाणी ओसरल्यावर दोन शेते पलीकडे उसात सापडली, ही हकीकत मामींनी त्यांना सांगितली. “पुरात हिला बाहीर काढायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी काढली हुती. माणसं आणली. पर आता ती म्हातारी झालीया.” काकांनी मान हलवली आणि ते यादीखाली लिहून घेतले.

मामी पैसे नको म्हणत होत्या, काका फुकट नको म्हणत होते. अकरा हजारांवर जमले, आणि त्यातले हजार मामींनी पत्रा, दोर आणि पोती घ्यायला परत दिले. दोन प्रतींवर दोषांची यादी, रक्कम आणि पुराची अट लिहून सह्या झाल्या.

दुपारी उसाची रिकामी ट्रॉली मिळाली. तोडणीवरच्या आठ माणसांनी हात लावला. खाली पाचटाचा दोन हात थर, त्यावर ओली पोती, त्यावर नाव, आणि पठाणाखाली माझे ते तीन आधार तसेच. मामींनी नाळेला हळदकुंकू लावले. ट्रॉली सावकाश निघाली, शिवाजी पुलावर पोहोचेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली, आणि काका शेवटपर्यंत स्कूटरवरून तिच्या बाजूने चालले.

रात्रीच्या महालक्ष्मीने निघालो. गाडी मिरजेला उभी असताना त्यांचा फोन आला. फायबरचा एक पट्टा त्यांनी लगेच सोलून पाहिला होता. “डावीकडची खालून तिसरी फळी वेगळीच हाय. सागवान न्हवं, आणि तिला कडीचं भोक बुजवल्यागत दिसतंय. ही कुठली?”

मला ठाऊक नव्हते. मी मामींना फोन लावला. त्या झोपल्या नव्हत्या.

“जुन्या घराच्या दाराची फणसाची फळी हाय ती,” त्या म्हणाल्या. “मी लगीन होऊन आले त्या साली घातली. कुजली नसंल तर राहू द्या म्हणावं.”

काकांना कळवले. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला: फळी चांगली आहे, खिळे तेवढे बदलतो.